स्टिअरिंगमधली ढिलाई शोधताना: जुन्या गाडीच्या स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची तपासणी व दुरुस्ती

जुन्या गाडीचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन एका दिवसात बिघडत नाही. रबरी बुश, म्हणजे सांध्यांतल्या धक्के शोषणाऱ्या नळ्या, हळूहळू चिरत जातात, बूट (सांध्यावरचे रबरी आवरण) फाटला की बॉल जॉइंट या गोलाकार सांध्यातले ग्रीस पाण्याने धुऊन निघते, शॉक अब्सॉर्बरचे तेल झिरपत राहते, आणि हे सारे इतक्या संथपणे घडते की रोज गाडी चालवणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होऊन जाते. दोष लक्षात येतो तो बहुधा दुसऱ्या कुणी गाडी चालवली तर, किंवा टायर एका कडेने घासून गेलेला दिसला तर. तोपर्यंत एकाऐवजी तीन-चार भाग झिजलेले असतात. अशा वेळी अंदाजाने एकेक भाग बदलत गेल्यास पैसा खर्च होतो आणि खडखड तशीच राहते.

माझ्या एका जुन्या गाडीत पुढच्या उजव्या बाजूने, लहान खड्ड्यांवरून जाताना टकटक असा आवाज येत असे. एका वर्कशॉपमध्ये पुढचे दोन्ही शॉक अब्सॉर्बर बदलून मिळाले आणि आवाज मात्र होता तिथेच राहिला. पुढे गाडीखाली जाऊन एकेका सांध्यावर हात ठेवून पाहिले तेव्हा स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड, म्हणजे त्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी कांडी, सैल असल्याचे काही मिनिटांत कळले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे: ढिलाई नेमकी कोणत्या सांध्यात आहे हे हाताला जाणवल्याखेरीज तो सांधा खोलू नये.

सुरुवात टायरपासून

स्टिअरिंगच्या पुष्कळ तक्रारींची पहिली खूण टायरवर असते, म्हणून जॅक लावण्याआधी चारही टायर नीट पाहावेत. हवा थंड टायरमध्ये मोजावी आणि दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी करावी. पुढच्या दोन टायरांतील हवेत फरक असेल तर केवळ त्यानेही गाडी एका बाजूला ओढते, आणि हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड लागते.

टायर दोन्ही कडांना झिजला असेल तर तो बराच काळ कमी हवेवर चाललेला असतो; मधोमध झिजला असेल तर हवा जास्त होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजणे हे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो (वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडा आत किंवा बाहेर वळलेल्या असणे) बिघडल्याचे लक्षण आहे. टायरवरून आडवा हात फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले, तर टो चुकीचा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. परिघावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर थकलेला असावा किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असावे. टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवर चार आकडी संख्या असते, तिचे पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे 2319 याचा अर्थ 2019 मधील तेविसावा आठवडा. जुनाट, कडक झालेल्या टायरवर सस्पेन्शनचा आवाज शोधणे फार अवघड जाते.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाके आपसात बदलून पाहावीत. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरमध्ये आहे, आणि अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यावर, खर्च करण्याची गरज नाही. ज्या टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो ते मात्र डावे-उजवे बदलू नयेत. त्यांच्या बाबतीत त्याच बाजूचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावून पाहावे. या अदलाबदलीने ओढण्यात काहीच फरक पडला नाही, तर थोडे अंतर चालवून झाल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन कोणते चाक जास्त तापले आहे ते पाहावे. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकून राहिल्यानेही गाडी ओढते, आणि हा दोष अलाइनमेंटच्या यंत्रावर कधीच दिसत नाही.

चालवताना काय ऐकावे

खिडक्या उघड्या ठेवून, गाणी बंद करून, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर गाडी चालवावी. आवाज किंवा थरथर कोणत्या परिस्थितीत येते हे लिहून ठेवावे, कारण निदानाचा मोठा भाग त्यातच असतो. ताशी साधारण 80 ते 100 किलोमीटर वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि वेग कमी-जास्त केल्यावर थांबते, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. केवळ ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल तर ब्रेक डिस्ककडे पाहावे. लहान लहान उंचवट्यांवर सुटी टकटक होत असेल तर संशय प्रथम लिंक रॉडवर, मग स्टॅबिलायझर बारच्या बुशवर आणि बॉल जॉइंटवर घ्यावा. गाडी निघताना किंवा ब्रेक लावताना एकदाच जड ठोका बसत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश फाटलेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण त्या क्षणी चाक पुढे-मागे ढकलले जाते आणि तो धक्का हाच बुश झेलत असतो.

वेगाबरोबर वाढत जाणारी एकसुरी घरघर हे व्हील बेअरिंगचे लक्षण आहे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते, त्यामुळे तेव्हा घरघर वाढली तर उजवे बेअरिंग संशयित मानावे, आणि उजवीकडे वळताना वाढली तर डावे. पूर्ण वळवलेल्या चाकांनी गाडी पुढे घेताना कटकट-कटकट आवाज येत असेल तर तो बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा, असतो. तो सस्पेन्शनचा दोष नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग झटक्याने सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या भागाच्या) वरच्या माउंटमधले, म्हणजे तो बॉडीला धरणाऱ्या बैठकीतले, बेअरिंग अडकत आहे. हेच बेअरिंग घट्ट झाले की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि पुष्कळदा त्याचा दोष विनाकारण रॅकवर (स्टिअरिंगच्या फिरण्याने डावे-उजवे सरकून चाके वळवणाऱ्या भागावर) टाकला जातो.

उभ्या गाडीवरची तपासणी

ही तपासणी सगळ्यांत उपयोगी आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. गाडीचे वजन चाकांवरच असू द्यावे, म्हणून तिच्याखाली जाण्यासाठी रॅम्प किंवा खड्ड्याची सोय असावी. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नये. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे, गाडी न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये असावी, हॅन्डब्रेक ओढलेला असावा आणि चाकांना ठोकळे लावलेले असावेत. एका मदतनिसाला स्टिअरिंग थोडेसेच, चाके जेमतेम हलू लागतील इतके, डावीकडे-उजवीकडे सतत हलवायला सांगावे. आपण एकेका सांध्यावर अशा रीतीने हात ठेवावा की बोटे सांध्याच्या दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श करतील. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकत्र हलतात. झिजलेल्या सांध्यात एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागाहून, आणि मध्ये बारीकसा ठोका बोटांना जाणवतो.

क्रम स्टिअरिंगकडून चाकाकडे ठेवावा. प्रथम पेडलजवळचा इंटरमीडिएट शाफ्ट (स्टिअरिंग कॉलम रॅकशी जोडणारा दांडा) आणि त्याचे युनिव्हर्सल जॉइंट पाहावेत. मग रॅकची बॉडी तिच्या रबरी बुशांत सरकते का ते पाहावे. नंतर दोन्ही टोकांचे रबरी बेलो (घडीदार आवरणे) बोटांनी दाबून आतला रॅक एंड, म्हणजे रॅकच्या टोकाचा सांधा, तपासावा आणि शेवटी टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅककडून येणारा दांडा चाकाशी जोडणाऱ्या सांध्यावर, यावे. पहिला ठोका सापडला म्हणून थांबू नये, कारण जुन्या गाडीत दोन सांधे एकाच वेळी सैल असणे ही नेहमीची गोष्ट आहे. स्टिअरिंगच्या कडेवर मोजलेली मोकळी हालचाल किती चालते हे पुस्तिकेत दिलेले असते. अनेक गाड्यांत कमाल मर्यादा 30 मिलिमीटर असते, पण व्यवस्थित गाडीत ती याहून बरीच कमी असते.

चाक उचलून

सपाट, टणक जमिनीवर मागच्या चाकांना ठोकळे लावून गाडी उचलावी आणि तिचे वजन स्टँडवर द्यावे. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. आता चाक दोन्ही बाजूंना, म्हणजे घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. इथली ढिलाई टाय रॉड एंड किंवा रॅक एंड दाखवते. मग वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. इथली ढिलाई बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग यांपैकी एकाची असते. दोहोंतला फरक ओळखायला मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगची, कायम राहिली तर बॉल जॉइंटची.

बॉल जॉइंट तपासताना जॅक कुठे लावला आहे याला महत्त्व आहे, आणि अनेक जण इथेच फसतात. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत वजन स्प्रिंगमधून थेट स्ट्रटच्या वरच्या टोकाला जाते, त्यामुळे चाक मोकळे लटकत असताना पहारीने लोअर आर्म हळूच वर-खाली केल्यास जॉइंटची ढिलाई दिसते. परंतु जिथे स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असते, तिथे चाक लटकत असताना स्प्रिंगच जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. अशा गाडीत जॅक लोअर आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा. बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट ढिलाई सापडली तर ती गाडी चालवत नेऊ नये. तो सांधा निखळला तर चाक कोलमडते आणि चालकाच्या हातात काहीही उरत नाही. टाय रॉड एंड आणि शाफ्टच्या जोडणीलाही हेच लागू आहे.

बुश तपासताना पहार वापरावी, पण जोर बेताचा असावा. रबराला वरवरच्या बारीक भेगा असणे वयाचे लक्षण आहे. रबर धातूपासून सुटलेले असणे किंवा तेल भरलेल्या बुशमधून तेल गळलेले दिसणे हा दोष आहे.

शॉक अब्सॉर्बरबाबत गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन साधारण एकदा खाली बसून थांबावी. ती डुलत राहिली तर शॉक निश्चित गेलेला आहे. मात्र ती लगेच थांबली म्हणून शॉक चांगला आहे असे समजू नये, कारण कडक झालेले बुशही तिला थांबवतात. शॉकवर धुळीत मिसळलेला तेलाचा पुसट थर चालतो. ओघळ असेल तर तो बदलावा. स्प्रिंग बहुधा सगळ्यांत खालच्या वेटोळ्याजवळ तुटते आणि तुटलेला तुकडा बैठकीतच लपून राहतो. म्हणून चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून पाहावी.

कामाची तयारी

आदल्या रात्री सगळे नट-बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे. या एका सवयीने दुसऱ्या दिवसाचे निम्मे कष्ट वाचतात. रबर किंवा शॉक अब्सॉर्बर जवळ असेल तर ज्योतीने बोल्ट तापवू नये. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळण्याचा पाना) आणि गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकडे जवळ असावेत. नायलॉनच्या कड्याचे नट आणि स्प्लिट पिन (नट फिरू न देणाऱ्या, टोके दुमडण्याच्या पिना) पुन्हा वापरू नयेत. मोकळा झालेला ब्रेक कॅलिपर त्याच्या नळीवर लटकू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा.

टाय रॉड एंड आणि लिंक रॉड

टाय रॉड एंडचा लॉक नट प्रथम पाव फेरा सैल करावा. खोलण्याआधी बॉलच्या मध्यापासून रॉडवरील एका ठळक खुणेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. अनेक जण केवळ फेरे मोजतात, पण नव्या एंडची लांबी थोडी वेगळी असू शकते, म्हणून मोजमाप अधिक भरवशाचे. स्प्लिट पिन काढून वरचा नट सैल करावा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे एंड सुटताना उसळणार नाही. मग पुलर (सांधा दाब देऊन सोडवणारे हत्यार) लावावा. पुलर नसेल तर नकलच्या (चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या, वळणाऱ्या भागाच्या) कानाच्या बाजूवर हातोडीचे नेमके ठोके द्यावेत. निमुळता स्टड त्या धक्क्याने सुटतो. स्टडच्या टोकावर ठोकू नये, त्याने आटे खराब होतात. दुबेळक्याच्या आकाराचे हत्यार बूट फाडते, म्हणून जो एंड टाकूनच द्यायचा आहे त्यालाच ते वापरावे.

नवा एंड बसवताना निमुळती जागा कोरडी आणि स्वच्छ असावी, तिथे ग्रीस लावू नये. नट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावे, मागे कधीही घेऊ नये.

लिंक रॉड बदलण्याचे काम सोपे आहे, मात्र पुढची दोन्ही चाके उचललेली असावीत, नाहीतर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि भोके जुळत नाहीत. स्टड फिरू लागला तर त्याच्या टोकातील षटकोनी खाचेत अ‍ॅलन की धरून नट फिरवावा.

लोअर आर्म आणि बुश

बॉल जॉइंट आर्मलाच जोडलेला असेल आणि बुशही थकलेले असतील तर संपूर्ण आर्म बदलणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे. बुश दाबून काढण्या-बसवण्यात वेळ जातो आणि प्रेसशिवाय ते काम नीट होत नाही. बॉल जॉइंटचा स्टड नकलमध्ये आडव्या बोल्टने आवळलेला असेल तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढावा, कारण तो स्टडच्या खाचेतून जातो. बसवतानाही तो त्या खाचेतूनच गेला आहे याची खात्री करावी.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. बुशमधील रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते, आणि आर्मची हालचाल त्या रबराच्या पिळामुळे होते. चाक लटकत असताना बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी केवळ बसवून ठेवावेत आणि गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर, वजन चाकांवर असताना, अंतिम टॉर्क द्यावा. नवे भाग लवकर गेले अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ याच एका चुकीत असते.

स्ट्रट आणि शॉक अब्सॉर्बर

शॉक नेहमी जोडीने बदलावेत. स्ट्रट नकलला जोडणाऱ्या बोल्टांभोवती खडूने किंवा रंगाने खूण करावी, कारण काही गाड्यांत तिथेच कॅम्बर ठरतो. ब्रेकच्या नळीचा आणि एबीएसच्या वायरचा क्लिप मोकळा करावा, नकलला आधार द्यावा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जाणार नाही. वरच्या बाजूचे, बॉडीला धरणारे नट काढावेत, पण मधल्या नटाला हात लावू नये. तो नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो आणि स्प्रिंग दाबून न धरता तो काढल्यास जीव जाऊ शकतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारी साधने) समोरासमोर लावून, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळून, स्प्रिंग बैठकीवरून सुटी झाल्याचे दिसल्यावरच मधला नट काढावा. साधन मोडकळीला आलेले असेल किंवा मनात शंका असेल तर स्ट्रट बाहेर काढून, हा एक भाग अनुभवी कारागिराकडून करून घ्यावा.

नवा शॉक उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून ओढावा, म्हणजे आतली हवा निघते. त्याचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये; एक ओरखडाही सीलला फाडायला पुरतो. माउंट, त्याचे बेअरिंग, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबताना धक्का झेलणारा तुकडा) आणि धूळबूट याच वेळी नवे घालावेत. स्प्रिंगचे टोक बैठकीतील पायरीला टेकले पाहिजे.

रॅक आणि पॉवर स्टिअरिंग

बेलो फाटलेला असेल तर तो लगेच बदलावा, कारण आत गेलेले पाणी दांड्यावर गंज धरवते आणि त्यानंतर रॅक वाचत नाही. बेलोत तेल साठलेले सापडले तर रॅकचे सील गेलेले आहेत. रॅकवरील समायोजनाचा स्क्रू जास्त आवळण्याचा मोह टाळावा. त्याने ढिलाई कमी भासते, पण स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर परत येत नाही. जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंग बॉक्सलाही हेच लागू आहे. त्याची झीज सरळ स्थितीत सर्वाधिक होते, म्हणून तो स्क्रू सरळ स्थितीतच, थोडा थोडा आवळावा आणि नंतर दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग अडत नाही ना ते पाहावे. रॅक किंवा कॉलम सोडवताना स्टिअरिंग आधी सरळ करून बांधून ठेवावे. ते मोकळे फिरले तर एअरबॅगच्या जोडणीची गुंडाळलेली पट्टी तुटते.

पूर्ण वळवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट सैल आहे. सतत गुणगुण येत असेल आणि टाकीत फेस दिसत असेल तर तेल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच तेल घालावे. हवा काढण्यासाठी पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि तेलाची पातळी भरत राहावे. इंजिन चालू असताना शेवटच्या टोकाला काही सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग अधूनमधून जड होत असेल तर मोटारीआधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगची जोडणी तपासावी.

अलाइनमेंट आणि अखेरची तपासणी

टाय रॉड, लोअर आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही उघडले असेल तर अलाइनमेंट करावेच लागते, पण ढिलाई काढण्याआधी केलेले अलाइनमेंट निरुपयोगी ठरते. टायरची हवा आणि गाडीची उंची आधी, मग मागची चाके, नंतर पुढचे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी, हा क्रम आहे, कारण कॅम्बर हलला की टोही बदलतो. काम करणाऱ्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्यावेत. स्टिअरिंग सरळ नसेल तर ते उपटून फिरवून बसवू नये. दोन्ही टाय रॉड सारख्याच प्रमाणात, एक लांब आणि एक आखूड करून ते सरळ करावे.

चाकांचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळावेत. पहिली फेरी हळू वेगात घ्यावी, मोकळ्या जागी ब्रेक लावून आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. साधारण 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा उभी करून, उघडलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासावा, स्प्लिट पिन जागेवर आहेत का ते पाहावे आणि उभ्या गाडीवरची तीच सांधे हाताळण्याची तपासणी एकदा नव्याने करावी.